गाडी बंद पडलेली नव्हती

जबाब देणार: श्रीमती राजमती आप्पासो बिरनाळे, वय ६७ वर्षे, व्यवसाय निवृत्त हायस्कूल शिक्षिका व व्याख्याती, राहणार शाहूपुरी, कोल्हापूर.

मी वरील नावाची व पत्त्याची असून आज सकाळी कोणीही न आणता, स्वतः गाडी चालवत पोलीस ठाण्यात आले आहे. मी बेपत्ता असल्याची नोंद माझा मुलगा ऋषभ याने आज पहाटे केली आहे. त्याबाबत हवालदार अनुजा पोवार यांनी विचारले, त्यावरून समक्ष सांगते ती हकीकत अशी की,

मी वरील पत्त्यावर एकटी राहते. माझे पती आप्पासो यांचे मागील वर्षी दिवाळीनंतर निधन झाले. ऋषभ नोकरीनिमित्त पत्नीसह पुण्यास असतो. तो रोज संध्याकाळी फोन करतो. त्याच्याविषयी माझी तक्रार नाही.

आमच्या मालकीची एक पांढरी मारुती गाडी आहे. दारूबंदीच्या सभांसाठी मी जिल्हाभर फिरले ती याच गाडीतून. गाडी पती चालवत. मला चालवता येते, परंतु ते असताना वेळ आली नाही. मी व्यासपीठावर असताना ते गाडीतच बसून ऐकत आणि परतीच्या वाटेवर माझे कुठे चुकले ते सांगत. त्यांच्यामागे गाडी दारात उभी राहिली आणि इंजिन जाम झाले. ऋषभ म्हणाला, भंगारात देऊ. मी ती उद्यमनगरातील मिस्त्री उदयसिंह घाटगे यांच्याकडे दिली.

त्यांनी इंजिन पूर्ण खोलून, सिलिंडर बोअर करून, पिस्टनला नव्या रिंगा घालून बांधले. गाडी परत देताना त्यांनी बजावले की, पहिले हजार किलोमीटर पन्नासच्या वर न्यायची नाही, एकाच वेगात फार वेळ ठेवायची नाही, चढाला दाबायची नाही, माणसे भरायची नाहीत, आणि मधूनमधून थांबून इंजिन थंड होऊ द्यायचे. या काळात रिंगा आणि बोअर एकमेकांना घासून एकमेकांच्या मापाचे होतात. इथे घाई केली तर गाडी कायमची तेल खाते. शहराच्या गर्दीत हे काम होत नाही, त्याला मोकळा रस्ता लागतो. गाडीत फोन बंद ठेवा आणि इंजिनचा आवाज ऐका, असेही ते म्हणाले. हे फिरवण्याचे काम स्वतः करून देण्याची त्यांनी तयारी दाखवली. मी नको म्हणाले.

तेव्हापासून मी दुपारचे जेवण करून रोज बाहेर पडते. कधी वारणानगरकडे, कधी गारगोटीच्या रस्त्याला. सूर्यास्ताच्या आत घरी येऊन जेवते. आमच्यात सूर्य मावळल्यावर अन्न घेत नाहीत, आणि मी ते आजवर मोडलेले नाही. शेजारच्या चिमणाबाईंना माझी ही वेळ पाठ आहे. काल त्यांना माझ्या स्वयंपाकघरात दिवा दिसला नाही, कुकरची शिट्टी ऐकू आली नाही, म्हणून त्यांनी ऋषभला कळवले. त्यांचे काही चुकले नाही.

काल मी गारगोटीच्या रस्त्याने निघाले. मुदाळ तिट्टा ओलांडल्यावर रस्त्याकडेच्या एका घरासमोर, चिंचेच्या सावलीत गाडी थांबवली आणि बॉनेट उघडले. बॉनेट उघडण्यास मिस्त्रींनी सांगितले होते काय, असे विचारल्यावरून सांगते की, नाही. इंजिन बॉनेट बंद असतानाही थंड होते. परंतु नुसती गाडी उभी असली तर लोक बाजूने निघून जातात. बॉनेट उघडे असले की थांबतात. असे मी पहिल्या दिवसापासून करते. आतापर्यंत बरेच लोक थांबले. कोणी पाणी दिले, कोणी वायरी हलवून पाहिल्या. इचलकरंजीचे एक गृहस्थ बराच वेळ मागावरचे कामगार आणि त्यांच्या पाळ्या याविषयी बोलले. गाडीला काही झालेले नाही, हे मी प्रत्येकाला सांगितले आहे. सुरुवातीलाच सांगितले असे नाही.

काल त्या घरातून झुंबरबाई नावाच्या बाई बाहेर आल्या. वय माझ्याएवढेच असेल. त्यांनी विचारले, "पावणं, गाडी बंद पडली व्हय?" मी इंजिन नवीन बांधल्याचे आणि ते सावकाश मोकळे करावे लागते हे समजावले. त्यावर त्या म्हणाल्या, "माझ्या म्हशीचं बी तसंच की. नवी आणली का चार दिस धार देत न्हाय. जवळ बसावं लागतंय, बोलावं लागतंय. तुमी गाडीसंगं बोलता का न्हाई?" त्यांनी कट्ट्यावर पोते अंथरले. मी बसले.

त्यांचे मुलगे कामाला बाहेर असतात. आम्ही पुष्कळ बोललो. काय बोललो ते या चौकशीत आवश्यक नाही. ऊन उतरल्यावर मी उठले आणि सूर्यास्ताच्या आत जेवावे लागते म्हणून निघते, असे म्हणाले. त्या म्हणाल्या, "दिस बुडायच्या आत व्हय? मग बसा की. चूल पेटाया कितीसा येळ लागतोय." त्यांनी भाकरी आणि मुगाची आमटी केली. सूर्य टेकायच्या आत माझे जेवण झाले. त्यानंतर अंधारात गाडी चालवणे मला जमत नाही, म्हणून तिथेच झोपले.

फोन पिशवीत होता. तो सुरू करायचे ध्यानात आले नाही काय, असे विचारले. ध्यानात होते. ऋषभच्या फोनची वेळ झाली हेही समजत होते. मी फोन सुरू केला नाही, कारण सुरू केला असता तर कोणीतरी मला न्यायला आले असते. आज सकाळी सुरू केला तेव्हा ऋषभ पुण्याहून निघून इथे पोहोचलेला होता. त्याची रात्र माझ्यामुळे गेली. त्याबद्दल मी त्याची माफी मागितली आहे.

हवालदारांनी मला सुचवले की, वाहनात बिघाड झाल्याने मुक्काम पडला असे लिहिले तर प्रकरण इथेच मिटेल. त्या भल्या मनाने बोलल्या. ऋषभ या वेळी समोर बसला होता. तो म्हणाला, "आई, गाडी बंद पडली एवढंच म्हण. मग विचारणाऱ्यांना मला काहीतरी सांगता येईल." मी म्हणाले, "बंद पडली नव्हती." त्यानंतर तो बाहेर जाऊन बाकावर बसला आहे. गाडी विकून मी कायमची पुण्याला यावे, असे त्याचे म्हणणे आहे.

म्हणून स्पष्ट लिहून घ्यावे. इंजिन उत्तम आहे. मला कोणी पळवले नाही, फसवले नाही, मी रस्ता चुकले नाही. माझी स्मृती शाबूत आहे. मला काल घरी जावेसे वाटले नाही. कारण एवढेच आहे.

सापडलेल्या व्यक्तीस नातेवाइकांच्या ताब्यात देण्याची पद्धत असल्याचे मला सांगण्यात आले. यास माझी हरकत आहे. ताबा जप्त मालाचा असतो. गावोगावच्या बायांना मी उभा जन्म सांगत आले की, बाई ही बापाच्या, नवऱ्याच्या, लेकाच्या ताब्यात द्यायची वस्तू नव्हे. त्या ऐकत होत्या, काही जणींनी तसे जगूनही दाखवले. आज माझ्याच नावापुढे तो शब्द पडणार असेल तर मी सही करणार नाही. मी सज्ञान आहे. मी माझी मला घेऊन जाईन.

मी गाडी विकणार नाही आणि पुण्यास राहण्यास जाणार नाही. राहिलेले किलोमीटर मीच पूर्ण करणार आहे. आजही दुपारी जेवून निघेन. ऋषभला यायचे असेल तर त्याने यावे. शेजारी एक माणूस बसलेले चालते, हे मी मिस्त्रींना पहिल्याच दिवशी विचारून ठेवले आहे.

हवालदार पोवार यांनी वरील मजकूर संगणकावर उतरवून मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो आहे. "बिघाड" आणि "ताबा" हे शब्द फक्त मी ज्या अर्थाने उच्चारले तेवढ्यापुरते ठेवले आहेत. बरोबर आहे म्हणून सही करते.

(सही) राजमती आप्पासो बिरनाळे
समक्ष: (सही) अनुजा पोवार, पोलीस हवालदार