नाव त्याचं, पोट ह्यांचं

हॅलो?… ती खुर्ची आमची आहे, बसू नका… ह्यांचं वजन बावन्न, सिस्टर… नाही हो, दारूचा थेंब नाही… पिवळी फाईल… खिडकीपाशी जाते, थांब… हां. बोल.

नको, आधी मी बोलते. तुझी मोठी जाऊ आहे ना मी? मग ऐक.

ह्यांचं पोट गॅसने नाही फुगलं. पाणी झालंय. लिव्हरवर चरबी होती, बरीच वर्षं. आता ते कडक पडलंय… हो, ह्यांचंच. काडीपैलवानाचं.

डॉक्टरांनी विचारलं, आधी कधी सोनोग्राफी? मी म्हटलं, नाही. तर हे मान खाली घालून म्हणतात, "एकदा केलीय. धाकट्या भावाच्या नावावर."

अगं, ठाऊक आहे… क्रेन चालवायला मेडिकल पास लागतं, ठाऊक आहे. तुझ्या नवऱ्याला स्वतःच्या पोटाची भीती, म्हणून हडकुळ्या मोठ्या भावाला पुढे केलं. ते राहू दे. रिपोर्ट आल्यावर काय केलंत?

हं… हं… कपाटात. आठ महिने. खाली 'तज्ज्ञांना दाखवा' लिहिलेलं असताना.

मशीन चुकलं असेल वाटलं? हडकुळ्याला कुठली चरबी, असं? मग तुझ्या घरी तळण का बंद झालं? साखर का बंद झाली?… बोल ना… नाव त्याचं, पोट ह्यांचं, आणि पथ्य तुझ्या नवऱ्याला. वर दर रविवारी ह्यांना आग्रह करकरून गोड वाढायचीस. "घ्या हो भाऊजी, तुम्हाला काय होतंय."

रडू नकोस. आज रडायचा नंबर माझा आहे.

तो कागद चारच्या आत इथे आण… डॉक्टरांना बघायचंय, आठ महिन्यांत किती वाढलं… हो, दाखवणार… कळू दे कंपनीला. नोकरी दुसरी मिळते… आणि त्यालाही तपासून घे, स्वतःच्या नावाने. साखर, हृदय, सगळं. सख्खे भाऊ आहेत म्हटलं तर डॉक्टरांनी लगेच लिहूनच दिलं. पोरांचंही विचारत होते.

काय?… मी?… मी का नाही विचारलं, तपासणीत काय निघालं ते, म्हणजे?… विषय बदलू नकोस. रिपोर्ट तुझ्याकडे होता… नाही, तू ऐक… हॅलो? हॅलो?

तपासणीच्या सकाळी धाकट्याचा कंपनीचा बिल्ला ह्यांच्या खिशाला मी लावला होता.