पत्ता आणायला गेलो तेव्हा

त्या दिवशी सकाळी नऊलाच ऊन चटके द्यायला लागलं होतं. माझी शेळी ओळखीच्या सिद्रामनं अर्धलीनं सांभाळायला नेलेली, म्हणजे करडं झाली की निम्मी त्याची, निम्मी माझी. पण गडी बिऱ्हाड उचलून कर्नाटकात गेला आणि वर्षभर ना शेळी दिसली, ना करडू. शेवटी शेजारच्या मल्लूनं मला सात रस्ता चौकातल्या वकिलाकडं नेलं. वकील म्हणाले, "बाबा, परराज्यात समन्स धाडायचं तर घराचा पक्का पत्ता पाहिजे."

गावाचं नाव ठाऊक होतं. एसटीनं गेलो, विचारत विचारत दारात पोचलो. मला बघून सिद्राम आत ओरडला, "अगं, मामा आलं! भाकरी टाक!" मग मला म्हणाला, "किती वाट बघायला लावली ओ! वाटा मालकानं निवडायचा असतो, म्हणून दोन्ही करडं तशीच ठिवल्यात. एकबी इकलं न्हाय."

पोटभर जेवलो, काळं करडू निवडलं आणि काखेत घेऊन परतलो. मल्लूला सगळं सांगितलं.

"आन पत्ता?"

"विचारायचा राहिलाच की."

मल्लूनं कपाळावर हात मारला. "व्वा तात्या! ज्याच्यावर दावा लावायचा, त्याच्याच घरची भाकरी खाऊन आलात. आता जज्जसायबापुढं कुठल्या तोंडानं उभं राहनार?"