निळ्या माशाचा ताबा

मंडळी, आज एकच प्रश्न. घरात पहिलं कोणाला घ्यावं? जो कशातही जगेल त्याला, की ज्याच्यासोबत बाकीचेही जगतील त्याला? लगेच माना हलवू नका. आधी ऐका!

कऱ्हाडात मुकुंदराव शेंडगे नावाचे गृहस्थ. भूमापन खात्यातून निवृत्त. चौतीस वर्षं लोकांच्या हद्दी मोजल्या! पत्नी कमलिनीबाई, माहेर वेंगुर्ल्याचं. त्यांचा खुबा मोडला. डॉक्टर म्हणाले, आता घाटाचा प्रवास नाही. बाई एवढंच बोलल्या — "अहो, समुद्र काही आता दिसत नाही मला."

मुकुंदरावांनी साडेतीन फुटांची काचेची टाकी आणली. पलंगासमोर ठेवली. खारं पाणी केलं, दगड रचले — आणि थांबले. सहा आठवडे! रोज पाणी तपासायचं, वहीत लिहायचं. पाणी मुरावं लागतं, मंडळी, लोणच्यासारखं. बाई विचारायच्या, "अहो, मासे येणार आहेत, की दगडच पाळायचेत?"

पाणी तयार झालं. दुकानदार इरफान म्हणाला, "काका, पहिली ही क्लाउनफिशची जोडी न्या. टाकीतच जन्मलेत. स्वभावानं गरीब, दिलं ते खातात." केशरी अंग, पांढरे पट्टे. शेजारी निळा डॅमसेल — बोटाएवढा!

"आणि हा?"

"चिवट आहे. कशातही जगतो. पण मारका. न्यायचाच तर सगळ्यांत शेवटी."

मुकुंदरावांनी विचार केला — चिवट आधी सोडू. तो जगला म्हणजे पाणी चांगलं. मग नाजूक. काढा बरं यात चूक! पेटीवाले, तुम्ही सांगा! नाही सापडत ना? त्यांनाही सापडली नाही.

निळा जगला. तीन आठवडे एकटा! एकेका दगडाखाली फिरला. मग जोडी आली — आणि निळा सुटला की अंगावर! दगडाजवळ गेले, धडक. दाण्याजवळ गेले, धडक. दुसऱ्या दिवशी जोडी वरच्या कोपऱ्यात. शेपट्या कुरतडलेल्या, पोटात काही नाही.

बाई पडल्यापडल्या तेच बघत होत्या. म्हणाल्या, "चौतीस वर्षं लोकांची अतिक्रमणं मोजलीत. आणि घरात स्वतःच्या हातानं ताबा दिलात?"

मुकुंदरावांनी जाळी घेतली. तासभर घुमवली. निळा दगडांच्या आत.

"सगळे दगड काढावे लागतील," ते म्हणाले.

"मग काढा."

"पाणी गढूळ होईल. दोन दिवस काही दिसणार नाही तुला."

"मी कुठे चाललेय?"

काढले दगड! निळा इरफानकडे परत गेला. दगड पुन्हा लावले. तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी निवळलं. जोडी खाली उतरली होती, दाणा खात होती. बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तो मोठा दगड जरा डावीकडे घ्या. त्याच्यामागे गेले की दिसत नाहीत."

मंडळी, हसलात. आता तुमची टाकी बघू! सकाळी डोळा उघडला, की पहिलं आत कोण शिरतं? शेजाऱ्याची गाडी? भावाचा राग? तो चिवट असतो बरं — कशातही जगतो! आणि देवाचं नाव संध्याकाळी येतं, शेपूट कुरतडून घेतं, कोपऱ्यात थांबतं. तुम्ही म्हणता, महाराज, मन लागत नाही. कसं लागेल? ताबा दुसऱ्याचा आहे!

वरून जाळी फिरवून तो निघणार नाही. दगड काढावे लागतील. दोन दिवस गढूळ होईल. होऊ द्या! तुम्ही तरी कुठे चाललाय? लावा हात पहिल्या दगडाला — आणि म्हणा, विठ्ठल!