तिसऱ्या मजल्यावरची फ्रॉकवाली

हॅलो? हां कॅरिसा, बोल… नाही गं, मोकळीच आहे. मनवा शाळेत.

…कुठलं पान? चाळीचं? आहे ना. कालच तर देऊन गेलीस, मनवाला दाखवायला. कलर झेरॉक्स.

…म्हणजे? झेरॉक्स तुझ्याकडेच राहिली? मग हे… मूळ चित्र?

अगं बाई.

नाही, फाटलं नाही. सांडलंही नाही काही… अगं ऐक ना! आधी बस बघू.

हे बघ, पद्धत तुझीच. पुस्तक छापायच्या आधी पान सहा वर्षांच्या मुलीला दाखवायचं, हातात पेन द्यायचं, मध्ये बोलायचं नाही. तुझ्या क्रेनच्या पुस्तकात मनवाने ड्रायव्हरच्या मांडीवर जेवणाचा डबा काढला, तेव्हा कोण नाचलं होतं?… हो, झेरॉक्सवर. मान्य.

…बॉलपेन. निळं.

हॅलो? ओरडू नकोस… अगं, आतल्या खोल्या दिसाव्यात म्हणून तू चित्रात चाळ समोरून कापलीस. गॅलरीचे कठडेही उडवलेस. तुला कळतं, मला कळतं. तिला एवढंच दिसलं, की तिसऱ्या मजल्यावर ती फ्रॉकवाली अगदी कडेला पाय सोडून बसलीय. ‘आई, ही पडेल!’ मग काय… खालपासून एकेक गज ओढत बसली. संध्याकाळभर.

हो, हो… पाचला प्रेसमधला प्रफुल्ल स्कॅन करणार, माहितीय. नवीन काढायला किती?… दोन महिने? कॅरिसा… सॉरी गं. खरंच.

फोटो? थांब, पाठवते… आला?

…हसतेयस? असंच छापणार? निळ्या पेनासकट?… नक्की ना? मागाहून रडत फोन करशील.

…वरच्या मजल्याचं काय? गज सरळ आहेत तर असू देत! बसतो कधीकधी मुलांचा हात… सारख्या अंतरावर? असतील…

बरं. खालचे दोन मजले मनवाचे, मग झोप आली तिला. तिसरा माझा. आज सकाळी, ती शाळेत गेल्यावर. पट्टी घेऊन. दोन गजांमधून डोकं जाणार नाही, एवढंच अंतर ठेवलंय… हस, हस! आणि ती फ्रॉकवाली कोण, ते मला कळत नाही होय? लहानपणी फणसवाडीच्या चाळीत अश्शीच बसायचीस. मागून तुझा फ्रॉक कोण धरून ठेवायचं?

…हो. मीच.

चल, चारपर्यंत येते पान घेऊन. टॅक्सीनेच येते, घडी नाही पडणार…

काय? मागच्या जिन्यालाही कठडा नाहीये?

ठेव. ठेव फोन. पट्टी कुठे गेली…