बाकाखालची बॅटरी

हॅलो? औने बोलतेय… कोण?… अरे, ओइवा! परत तू?… नाही रे, बरंच वाटतं, पण सकाळी मांजर जेवलं का म्हणून फोन, मग सरपण पुरतंय का म्हणून फोन, आणि आता हा तिसरा. लग्न ठरलं तेव्हा तरी नवऱ्यामुलाच्या तोंडून एवढं ऐकलं होतं का मी?… हं?… हं काय? हं म्हणजे हो की हं म्हणजे नाही? ऑपरेशन खुब्याचं झालंय तुझं, जिभेचं नाही.

दुखतंय का?… जेवलास?… वाटाण्याचं सूप? म्हणजे आज गुरुवार, सगळीकडे गुरुवारी तेच शिजतं. बघ, तू घरात नाहीस तर मला वारसुद्धा कळेनासा झालाय… आणि नंतर पॅनकेक? जॅम लावून?… मजा आहे की मग तुझी कुओपिओच्या इस्पितळात!

काय?… जुन्या गाडीची बॅटरी. आलास ना मुद्द्यावर… हो, आहे चार्जरवर… हो, हो, रोज बघते… रोज म्हणजे अगदी रोज नाही. शनिवारी बघितली… कुठल्या शनिवारी ते नको विचारू.

अरे ऐक ना, काय पणाला लागलंय ते मला पाठ आहे. सौनात उघड्या अंगाने वाफेत बसून असले शब्द देतं का कुणी? 'एक मेला, वाप्पूच्या सकाळी, पहिल्याच किल्लीला सुरू झाली नाही, तर गाडी तुझी, सुलो!' आणि तो आपला शेजारी, तुझा बाळपणीचा मित्र, त्यानेही लगेच हात पुढे केला. ज्या गाडीतून मला चर्चमधून घरी आणलंस, ती गाडी! का, तर गेल्या एक मेला ती जरा खोकली आणि सुलो हसला… माहितेय रे, सौनात दिलेला शब्द मोडता येत नाही. मग सौनात गप्प बसता येत नव्हतं का? एरवी सगळीकडे बसतोस.

काय बघू?… आत्ता?… ओइवा, बाहेर उणे सव्वीस आहे. ओव्हनमध्ये भाताचं सारण भरलेल्या पिराक्का भाजायला टाकल्यात… दिवा हिरवा आहे का लाल, ते कळून तू तिथून काय फुंकर घालणारेस?… बरं बरं, निघाले. बूट तरी घालू दे…

हं, बोल… शेडकडे? नाही, शेडकडे नाही चाललेय… अं… ते सांगायचं राहिलं बघ. बॅटरी शेडमध्ये नाहीये… ओरडू नकोस, नर्स धावत येईल! तूच म्हणाला होतास ना, उतरलेली बॅटरी थंडीत गोठून फुटते? आणि शेडमधलं सॉकेट मला लागतं. माझ्या रोजच्या गाडीचं इंजिन पहाटे विजेवर गरम करायला नको? मग तू नववर्षाला बर्फावर आपटलास, तुला इस्पितळात ठेवून घेतलं, आणि मी बॅटरी काढून आणली… कुणी म्हणजे? मीच. काळी वायर आधी, मग लाल. दरवर्षी बघते तुला, डोळे आहेत मला. घसरगाडीवर ठेवली आणि ढकलत नेली… कुठे? सौनात… अरे, आत दगडांवर नाही! कपडे बदलायच्या खोलीत, बाकाखाली. सॉकेट आहे, ऊब आहे… हो, शनिवारी तापतो सौना. मग? बॅटरीला काय घाम येणारेय?… गरमीनेही खराब होते? मग हे आधी नको सांगायला? थंडी सोसत नाही, गरमी सोसत नाही, एकटं ठेवलं की जीव जातो. अगदी तुझ्या आईसारखी आहे.

हो, सुलो येतो ना दर शनिवारी. तू नाहीस म्हणून त्याने काय आंघोळ सोडायची? मी आधी उरकते, तो नंतर येतो… आले रे, पोचले. दार गोठलंय. थांब, खांदा लावते…

हिरवा! हो, हिरवा आहे दिवा. झालं समाधान?…

ओइवा…

खोटं बोलले. दिवा नाहीये… विझलेला नाही, मुळात नाहीच. चार्जर वर खिळ्याला टांगलाय. वायर छान गुंडाळून ठेवलीय. मी जन्मात कधी वायर गुंडाळलीय का?… बाकाखाली बघते… बादली आहे. तुझ्या फाटक्या चपला आहेत. बॅटरी नाही… नाही म्हणजे नाही! काय, उशीखाली शोधू?… हॅलो? ओइवा? श्वास घे. आधी श्वास घे.

थांब, थांब. बाहेर बर्फात घसरगाडीच्या जुन्या, गोठलेल्या रेघा आहेत… माझ्या कशा असतील, त्या कुंपणातून गेल्यात. सरळ सुलोच्या दारात… मेला! गाडी हवी म्हणून बॅटरीच पळवली!… जाऊ नको काय? मी कुंपण ओलांडलंसुद्धा… शब्द सौनात आणि चोरीही सौनातच, लाज कशी वाटली नाही!… रिकाम्या हाताने नाही जात. सौनात अंगावर झोडायची बर्चच्या डहाळ्यांची जुडी उचललीय येताना. आंघोळ घालते त्याला चांगली…

सुलो! ए सुलो! दार उघड!… ओइवा, फोन ठेवू नकोस, तू साक्षीदार आहेस… सुलो, आधी पँट चढव! लोकरीच्या चड्डीवर काय दार उघडतोस!… नाही, कॉफी नको. सरक बाजूला…

ओइवा, सापडली! स्वयंपाकघरात, टेबलावर! खाली वर्तमानपत्र अंथरलंय, शेजारी कॉफीचा कप. पाहुणी बसवावी तशी बसवलीय… दिवा? थांब… हिरवा… नाही रे, या खेपेला खरंच हिरवा, तुझी शपथ! चार्जर त्याचा स्वतःचा आहे.

सुलो, बोल. का नेलीस?… काय?… ओइवा, तो म्हणतोय आपल्या घरचा चार्जर गेल्याच महिन्यात मेला. पहिल्याच शनिवारी त्याला दिसलं, दिवा लागत नव्हता. बॅटरी पार उतरायला आली होती म्हणे. तेव्हापासून इथे आहे… मग सांगायचं नाही मला, सुलो?… 'विचारलं नाहीस.' ऐकलंस, ओइवा? विचारलं नाहीस! रोज सकाळी उठून शेजाऱ्याला विचारायचं, बाबा रे, आमची बॅटरी तुझ्या टेबलावर तर नाही ना?… मी शनिवारी काय बघितलं? ते सोड. बाकाखाली वाकायला माझे गुडघे काय विशीतले आहेत का?… सोड म्हणतेय ना.

पण सुलो, मला एक सांग. ती मेली असती तर गाडी तुझीच होती. न बोलता, न हलता. मग?… मोठ्याने बोल, तुझ्या मिशीत अडकतंय सगळं… हं… ओइवा, तो म्हणतोय, 'गाडी माझी झाली तर ओइवा शेजारी बसून मला चालवायला शिकवेल. त्यापेक्षा मी दर वाप्पूसारखा मागच्या सीटवर बरा, थर्मास धरून.'… हसू नकोस, टाके ओढतील… हसतोयस ना?…

ओइवा?… तू रडतोयस?

अरे, काय झालं?… सांग. मांजर झालं, सरपण झालं, बॅटरी झाली. आता खरं काय ते सांग… हं नको. शब्दांत… डॉक्टर? काय म्हणाले डॉक्टर?… जून संपेपर्यंत गाडी चालवायची नाही?… एवढंच? अरे देवा! मनात काय काय आलं माझ्या… सुलो, ती खुर्ची दे इकडे.

नाही, ऐक. एवढंच नाहीये ते, कळतं मला. वाप्पूला तळ्याभोवती फेरी मारायची म्हणून तर तू सगळा हिवाळा काढतोस. आणि तू नाही बसलास चाकामागे, म्हणजे शब्द गेला आणि गाडीही गेली, असं धरून बसलास ना सकाळपासून?… वेडा रे वेडा. एकट्याने कॉटवर पडून हे असलं चघळत बसायचं!

सुलो, किल्ली कुणी फिरवायची, हे ठरलं होतं का तुमचं?… नाही. ओइवा, तो नाही म्हणतोय. पहिल्या किल्लीला सुरू व्हायला हवी, बस्स. कुणाच्या हाताने, ते नाही ठरलं.

मग ऐका आता दोघेही. किल्ली मी फिरवणार… का म्हणजे? या बर्फातून रोज गावात गाडी कोण नेतं, मांजर?… येतो मला तिचा गिअर. इतकी वर्षं शेजारी बसून तुझा हात बघतेय… नाही, तू शेजारीही नाही बसायचंस. तुम्ही दोघे मागे. थर्मास धरा, तळं बघा, आणि 'हळू, हळू' कुणी म्हणायचं नाही. आणि पहिल्या किल्लीला सुरू झाली, तर गाडी माझी… हो, माझी! काढली मी, ढकलली मी, आज उणे सव्वीसमध्ये तिच्यामागे धावले मी… सुलो, हरकत?… हं म्हणाला. ओइवा, तुझी?… हं? छान. आजपासून तुमच्या हंचा अर्थ मी लावणार. दोन्ही हो आहेत.

काय?… सौनात दिलेला नाही म्हणून हा शब्द चालत नाही? बघा, आता कशी वाचा फुटली! सोमवारी सोडतायत ना तुला? सौना तापवून ठेवते. तिथेच घेते शब्द दोघांकडून… वाफ चालणार नसेल तर बाहेरच्या खोलीत बस. बॅटरीच्या जागी… हो, बाकावर. बाकाखाली नाही.

अगं बाई, पिराक्का! ओव्हन! चल, ठेवते… काय? सोमवारी तुला आणायला कोण येणार?…

मी येणार. चालवत… मागे बसायचं. आत्तापासून सवय कर.