दारातल्या वहिनी

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपले दातांचे डॉक्टर. व्यासपीठावर वाद्यं जुळवून शांतपणे बसलेल्या आजच्या ज्येष्ठ गायिका आणि त्यांचे साथीदार. समितीतले माझे सहकारी. वेळेवर आलेले रसिकहो, आणि या घटकेला जिना चढत असलेले, नेहमीचे उशिरा येणारे रसिकहो, सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. अध्यक्ष स्वतः बावीस मिनिटं बोलले, पण ते अध्यक्ष आहेत, आणि माझी एक दाढ अजून त्यांच्या हाती आहे. त्यामुळे तक्रार नाही.

आपल्या लोकगीतांच्या मैफली एकोणीस वर्षं चालल्या आहेत त्या घरचं खाऊन राबणाऱ्या माणसांमुळे. कोणी खुर्च्या मांडतं, कोणी माइकशी भांडतं. माझे थोरले बंधू निवेदन करतात आणि उरलेला वेळ पहिल्या रांगेत बसून मान डोलावतात. तेही कोणीतरी करायला हवंच ना? आणि दार सांभाळतात त्यांच्या पत्नी, माझ्या वहिनी. आज निरोप आहे तो त्यांना. घाबरू नका, त्या कुठेही चाललेल्या नाहीत. दाराच्या बाहेरून आत येणार आहेत, एवढंच.

हे मागचं दार तुम्ही कधी वळून पाहिलं नसेल, पण ऐकलं नक्की असेल. कितीही तेल घाला, ते करकरतंच. म्हणून पहिल्याच वर्षी वहिनींनी नियम केला: गाणं चालू असेतो दार बंद, टाळ्या वाजल्या की उघडायचं. आणि त्या स्वतः बाहेर, जिन्याच्या तोंडाशी, कडीवर हात ठेवून उभ्या. उशिरा येणाऱ्यांना नुसत्या डोळ्यांनी गप्प करायच्या. मी त्यांचा सख्खा दीर, पण मलाही एकदा अकरा मिनिटं उभं केलंय.

या नियमात एकदाच घोटाळा झाला. एक वयोवृद्ध गायक आले होते. त्यांचं गाणं एकतीस कडव्यांचं. तिसाव्या कडव्यानंतर ते डोळे मिटून थांबले. दादांना वाटलं, झालं. त्यांनी दणदणीत टाळ्या वाजवल्या, वहिनींनी दार उघडलं आणि चौदा माणसं ओल्या छत्र्यांसकट आत शिरली. आजोबांनी डोळे उघडले. सगळे बसेपर्यंत वाट पाहिली. मग अतिशय प्रेमाने म्हणाले, "मंडळी आलीच आहेत, तर पहिल्यापासून घेऊ." आणि घेतलं की हो, एकतीसच्या एकतीस.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी एक वही आणली. तेव्हापासून प्रत्येक कलाकाराला आधी त्यांचा फोन जातो, की तुम्ही गाण्यात मध्ये कुठे गप्प होता का? ती वही आता माझ्या हातात आहे. वाचून दाखवतो. "तिसऱ्या कडव्यानंतर मोठा श्वास. दार नको." "शेवटी दोनदा फसवतात. दार नको." "हे मधूनच हसतात. गाण्यातलंच आहे. दार नको." एक पान माझ्यावरही आहे, ते मला कालच सापडलं. "भावजी आभार मानताना थांबतात. संपलेलं नसतं. दार नको."

आता मला सांगा, एवढ्या गाण्यांमधल्या शांतता जिला तोंडपाठ आहेत, तिने त्यातली गाणी किती ऐकली असतील? एकही नाही. त्या जाड दारातून ताल बाहेर येतो, शब्द येत नाहीत. घरी गेल्यावर दादा त्यांना सगळी मैफल गाऊन दाखवायचे. ज्यांनी दादांचं गाणं ऐकलंय त्यांना मी जास्त सांगायला नको. थोडक्यात, वहिनींना एकोणीस वर्षांची लोकगीतं पाठ आहेत, आणि सगळीच्या सगळी बेसूर.

गेल्या महिन्यात त्या माझ्या घड्याळांच्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या की दार सोडते. मी हातातलं काम न थांबवता म्हणालो, एवढा हंगाम काढा, मग बघू. खोटं कशाला बोलू, दार माझ्या गळ्यात पडेल हीच मला धास्ती होती. त्या काउंटरवरच्या एका घड्याळाकडे पाहत म्हणाल्या, "भावजी, हे चालू आहे की बंद?" दुकानभर त्याची टिकटिक घुमत होती.

मग त्यांनी सांगितलं. उजवा कान गेलाय, डावाही फार दिवस साथ देणार नाही, असं कानाचे डॉक्टर म्हणाले. घरी फक्त दादांना माहीत होतं. "जोवर ऐकू येतंय तोवर एक अख्खी मैफल आत बसून ऐकायची आहे," म्हणाल्या, "ह्यांच्या गळ्यातून नको." मला माझीच लाज वाटली. दार मी घेतो म्हणालो, आणि ते मी मोठेपणाने नाही, मान खाली घालून म्हणालो. हे सगळं इथे बोलायची परवानगी त्यांनीच दिली आहे. म्हणाल्या, सांगून टाका, म्हणजे लोक माझ्याशी जरा मोठ्याने बोलतील.

तिसऱ्या रांगेतली उजवीकडची कडेची खुर्ची त्यांची. डावा कान गाण्याकडे येतो. समितीने यावर दोन बैठका घेतल्या आणि दोन्हींत भांडण झालं, तेव्हा ती जागा उत्तम असणार. आजच्या गायिकांनी एक स्पीकर त्या बाजूला वळवून घेतला, त्यांचे आभार. तुम्ही माझं एवढं ऐकून घेतलंत, तुमचेही आभार. बोलण्याच्या ओघात कोणाला टोचलं असेल, विशेषतः दादांना, तर घरचा माणूस म्हणून सांभाळून घ्या. आणि पुढचे काही महिने दार चुकीच्या वेळी करकरलं, तर त्याचीही माफी आजच मागून ठेवतो.

वहिनी, आता तुम्ही बसा. मध्ये कुठे सगळं शांत झालं, तर सवयीने मागे वळून पाहू नका. वही मी पाठ केली आहे, आणि कडीवर माझा हात असेल.