मताचा नारळ

शाळेत मतदानाला बायकांची रांग आमच्या रांगेला लागूनच होती. यंदा त्या रांगेत माझं माणूस नव्हतं, त्यामुळे कान मोकळे होते. माझ्या पुढचा गृहस्थ शेजारच्या रांगेतल्या पुतणीवर डाफरत होता.

"सलोनी, पयल्यांदाच मत देतंस. मी सांगितलंय ताच बटण दाब."

"मी दाबूचंय नाय."

"गो, देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणा घातलंय, देवाक शब्द दिलंय! घरातली सगळी मतां आपल्या उमेदवाराकच म्हणान."

"माका इचारलंस?"

"तुका कित्याक इचारू? तुझो शेंबूड पुसलंय मी."

"शेंबूड पुसलंस म्हणान मत तुझा झाला?"

"देव कोपलो तर?"

"तुझ्यावर कोपतलो. नारळ तू ठेवलंस."

"हळू बोल, लोक आयकतत."

"आयकांदेत! गाऱ्हाणा लोकांसमोरच घातलंस मा?"

ती आत जाऊन आली.

"कोणाक दिलंस?"

"सांगूचंय नाय."

रांगेत तिच्यामागे उभी असलेली तिची काकी तेव्हा पहिल्यांदा बोलली.

"गो सलोनी, कोणाक दिला ता भायर दिसता?"

"नाय गो काकी. कोणाकच दिसणा नाय."

"इतकी वर्सां ह्ये माका सांगत इले, सगळा दिसता म्हणान."

"काकी..."

"धर ही पिशवी."

काकी नवऱ्याकडे न बघता आत गेली.